नांगरटीत सांडलेल्या पलटणी

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या केंट परगण्यात शरद ऋतूत शेतं नांगरून होतात. त्यावरून चार-दोन पाऊस गेले, ढेकळं विरघळली, जमीन चापून बसली की माझे चांगले दिवस सुरू होतात. शेतमालकाची परवानगी खिशात, हातात धातुशोधक यंत्र, कमरेला खुरपं. यंत्राची चकती मातीवरून डावी-उजवीकडे सरकत राहते आणि कानात लोखंडाची घरघर चालू असते. खिळे, नाल, फाळाचे तुकडे. शेत जितकं जुनं तितकी ही घरघर दाट. मग तिच्यातून मधेच एक स्वच्छ सूर वर येतो. वाकायचं, वीतभर माती बाजूला करायची, आणि काहीतरी गोल, चपटं बोटांना लागतं.

बरोबरच्यांना नाणी हवी असतात. मला बटणं हवी असतात. नाणं हजार हातांतून फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. पलटणीचं बटण एका माणसाच्या छातीवर असतं. पहाटेच्या अंधारात ते त्याने चाचपून काजात घातलेलं असतं, रात्री काढलेलं असतं, आणि त्याच्याआड त्याचा श्वास वर-खाली झालेला असतो. त्या माणसाचं नाव कुठल्याही ग्रंथात नसतं. त्याच्या असण्याचा जेवढा पुरावा मातीने सांभाळला, तेवढा माझ्या तळहातावर मावतो.

मी खडकीत वाढले. तिथे सकाळ बिगुलाने व्हायची. दोरीवर खाकी कपडे वाळत असायचे आणि आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार काका सणासुदीच्या आधी ओट्यावर बसून आपला जुना कोट काढायचे. मधोमध चीर असलेली एक पितळी पट्टी ते बटणांच्या खाली सरकवत, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. मग फडकं घेऊन घासणं सुरू. त्या पॉलिशचा उग्र वास, काकांची खाली झुकलेली मान आणि हळूहळू उजळत जाणारं पितळ हे सारं मी पायरीवर बसून बघत असे. वर्दीच्या बटणाकडे बघायची नजर मला तिथे मिळाली. त्यावरचं वाचायला मी इथे शिकले.

वाचायला सुरुवात नंबरापासून करतात. १७६७ साली ब्रिटिश लष्कराने हुकूम काढला, की पायदळाच्या प्रत्येक पलटणीने आपला नंबर बटणावर घालावा. तेव्हा नंबर दिसला की एक दार बंद होतं: हे बटण १७६७ च्या आधीचं नाही. मग धातू बघायचा. साध्या शिपायाची बटणं तेव्हा प्यूटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची असत. मातीत पडून ती राखाडी होतात, कडा झिजतात, पृष्ठभागाला खड्डे पडतात. यंत्रातही त्यांचा सूर मंद, दबलेला येतो. १८५५ मध्ये जुना तोकडा कोट जाऊन नवा अंगरखा आला आणि त्याबरोबर शिपायांची बटणं पितळेची झाली. पितळ मातीत हिरवं पडतं, पण ठसा धरून ठेवतं. म्हणून राखाडी नंबरी बटण १७६७ ते १८५५ यांमधलं आणि हिरवं पडलेलं पितळी त्यानंतरचं, असा पहिला अंदाज शेताच्या बांधावर उभ्या-उभ्या करता येतो.

पुढची तारीख १८७१. त्या वर्षी बहुतेक पलटणींच्या शिपायांचे नंबर गेले आणि सगळ्यांना एकच सामाईक बटण मिळालं. त्यावर राजचिन्ह, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. अधिकाऱ्यांच्या बटणांवर नंबर आणखी दहा वर्षं टिकले. १ जुलै १८८१ पासून ह्यू चिल्डर्स या युद्धमंत्र्याच्या फेररचनेने पायदळाच्या पलटणींचे नंबरच मोडीत काढले आणि त्यांना परगण्यांची नावं दिली. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या आकड्यासाठी माणसं मेली, तो आकडा एका सकाळी संपला. जुन्या शिपायांना ते फार लागलं असणार. खडकीत काका आपली ओळख सांगताना आधी पलटण सांगत, मग गाव, मग आडनाव. ज्याची पलटणच बदलली त्याने ओळख कुठून सुरू करायची?

सामाईक बटणावर नंबर नाही, तेव्हा तिथे मुकुट वाचावा लागतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला आणि कमानी वर उचललेला, गोलसर मुकुट सुरू झाला. तो १९५२ पर्यंत चालला. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात कमानी पुन्हा दबल्या. म्हणजे दबलेला मुकुट आणि सिंह-घोडा असलेलं पितळी बटण १८७१ ते १९०१ मधलं, उचललेल्या मुकुटाचं त्यानंतरच्या अर्धशतकातलं. पहिल्या महायुद्धात लाखो माणसांच्या अंगावर हेच दुसरं बटण होतं. ते इथल्या शेतांत इतकं सापडतं, की बरेच जण बघून परत मातीत टाकतात. मला ते टाकवत नाही.

अधिकाऱ्यांची बटणं वेगळी. त्यांवर सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असे, पलटणीच्या झालरीच्या रंगाप्रमाणे. १८३० मध्ये चौथ्या विल्यमने ठरवलं, की कायम फौजेतल्या अधिकाऱ्यांची झालर सोनेरीच असावी आणि चंदेरी रंग मिलिशियासारख्या राखीव दलांना द्यावा. पायदळाचा नंबर असलेलं रुपेरी बटण हाती आलं, तर ते बहुधा त्याच्या आधीचं. सोन्याच्या मुलाम्याचीही एक गंमत आहे. बर्मिंगहॅमचे काही कारागीर नावाला मुलामा देऊन बटणं विकू लागले, तेव्हा १७९६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. एक इंच व्यासाच्या १४४ बटणांवर निदान ५ ग्रेन सोनं चढवलंच पाहिजे, तरच त्यांना मुलाम्याची म्हणता येईल. ५ ग्रेन म्हणजे एका ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढंसं सोनं १४४ बटणांवर पसरायचं आणि तरीही दोनशे वर्षं मातीत राहून बटणाच्या कडेला हळदीच्या बोटासारखा पिवळेपणा उरतो. त्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

आणि मग बटण उलटं करायचं. जाणकार माणूस पुढच्या बाजूइतकाच वेळ पाठीला देतो. पाठ सपाट, एकसंध आहे की पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर दुमडून दोन तुकड्यांचं बटण बनवलंय? १८१३ मध्ये बेंजामिन सँडर्स या कारखानदाराने ही दुमडण्याची रीत पेटंट करून घेतली, तेव्हा तसं फुगीर, पोकळ बटण त्याच्यानंतरचं. मागची कडी ओतीव आहे की तारेची? कडीभोवती कारखान्याचं नाव आहे का? फर्मिन, जेनन्स, स्मिथ अँड राइट, हॅमंड टर्नर ही नावं मी इतक्या वेळा वाचली आहेत, की ती माणसं ओळखीची वाटतात. कधी नावाबरोबर लंडनच्या रस्त्याचं नाव, कधी बर्मिंगहॅम. कारखाने भागीदार बदलत, पत्ते बदलत, आणि प्रत्येक बदलाने ठशातली अक्षरं बदलत. ‘बटन्स लिमिटेड’ असं नाव दिसलं तर तारीख १९०७ च्या अलीकडे आणायची, कारण बर्मिंगहॅमचे काही जुने कारखाने एकत्र येऊन ही कंपनी त्या वर्षी झाली. पुढची बाजू राजाने ठरवली, मागची कारागिराने. दोन्ही बाजू एकमेकींना दुजोरा देतात तेव्हाच तारीख पक्की म्हणायची.

हे सगळं वाचायला उजेड तिरपा लागतो. डोक्यावरच्या दिव्याखाली राखाडी चकती नुसती राखाडी दिसते. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आडवं आलं, की पुसटलेल्या आकड्याच्या कडेला सावली धरते आणि ३, मग ०, असे आकडे उमटू लागतात. पितळ ब्रशने घासायचं नाही. मुलामा निघून जातो, आणि एकदा गेलेला मुलामा परत येत नाही. पाण्यात भिजवून लाकडी काडीने मातीचा एकेक कण सोडवायचा. घाई केलेली बटणं ओळखू येतात. ती चकचकीत असतात आणि त्यांच्यावर काही उरलेलं नसतं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी ज्या बटणाकडे बघत बसते, ते मातीने झिजवलेलं नसतं. सामाईक पितळी बटणांत असं एखादं सापडतं, की त्यातल्या सिंहाचा चेहरा पार गुळगुळीत झालेला असतो. घोड्याचं शिंग गेलेलं, मुकुटाची नुसती रेघ. कडेचे, खोलगट भागातले बारकावे तसेच शाबूत. मातीची झीज अशी निवडक नसते. हे फडक्याचं काम. रोज सकाळी, कवायतीच्या आधी, एखाद्या बराकीत पट्टी सरकवून कुणीतरी हा सिंह घासला, वर्षानुवर्षं घासला, इतका की ज्या राजाचं चिन्ह चमकवायचं तेच पुसून गेलं. त्या माणसाच्या सकाळींचा हिशेब या झिजेत आहे. १९५० च्या दशकात ॲल्युमिनियमची, कधीच न काळवंडणारी बटणं आली आणि ही झीज संपली. नवं बटण शिपायाचा वेळ वाचवतं. त्याच्या हाताची खूण त्यावर राहत नाही.

केंटच्या या शेतांत लढाया झालेल्या नाहीत. तरी इथे पलटणीच्या पलटणी सांडलेल्या आहेत. काही ठिकाणी कारण उघड आहे. १७७८ मध्ये मेडस्टनजवळच्या कॉक्सहीथच्या माळावर मिलिशियाची प्रचंड छावणी पडली होती. नेपोलियनच्या भीतीने बारहॅम डाउन्सवर तंबू उभे राहिले होते, किनाऱ्यावरच्या शॉर्नक्लिफला सर जॉन मूर हलक्या पायदळाला तालीम देत होता. पण ज्या शेतात कधी तंबू पडला नाही तिथेही दूरदूरच्या पलटणींची बटणं निघतात, आणि त्याचं कारण कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या काळ्या मातीकडे बघत राहिले. यॉर्कशरच्या बॅटली गावात १८१३ च्या सुमाराला बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायची कला शोधली. त्यानंतर जुन्या वर्द्या गाड्या भरभरून चिंध्यांच्या बाजारात जाऊ लागल्या. पिंजून उरलेला, निकामी झालेला लोकरीचा कचरा शेतकरी खत म्हणून घेत, कारण लोकर हळूहळू कुजते आणि पिकाला नत्र पुरवत राहते. केंटमध्ये हॉपच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या वेलीच्या, मळ्यांना हे खत पडे. चिंध्या पिंजण्याआधी बटणं कापून काढत, पण सगळी निघत नसत. कापड कुजलं, पीक झालं, बटण राहिलं.

म्हणून बटण सापडलं, की इथे शिपाई उभा होता असं म्हणता येत नाही. एकटं बटण खताबरोबर आलेलं असू शकतं. त्याच्याशेजारी आणखी त्याच पलटणीची बटणं, शिशाच्या गोळ्या, बंदुकीच्या चकमकीचे दगड, पट्ट्याचा बक्कल निघालं तर छावणीचा विचार करायचा. जागा टिपून ठेवल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. जागा हरवलेलं बटण अर्धं मुकं होतं.

असंच एक हिरवं पडलेलं पितळी बटण एका जुन्या हॉपच्या मळ्यात मला मिळालं. तिरप्या उन्हात आकडे उमटले: १०९. माझा हात थरथरला. १०३, १०६ आणि १०९ हे तीन आकडे कुठल्याही मुंबई इलाख्याच्या माणसाने ओळखावेत असे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतल्या तीन गोऱ्या पलटणी १८५७ नंतर राणीच्या लष्करात घेतल्या गेल्या आणि १८६२ च्या सुमाराला त्यांना हे नंबर मिळाले. १०३ ही त्यांतली सर्वात जुनी. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांच्या फौजेसमोर खडकीला ती उभी होती, आणि माझ्या गावाचं नाव तिच्या युद्धसन्मानांत आहे. १०६ इराणच्या मोहिमेवर गेलेली. आणि १०९ म्हणजे १८५३ मध्ये पुण्यात उभी केलेली तिसरी बॉम्बे युरोपियन पलटण. ३ एप्रिल १८५८ ला झाशीच्या तटाला शिड्या लावून चढणाऱ्यांत ती होती.

झाशी म्हटलं की मराठी माणसाच्या मनात काय काय उसळतं, ते सांगायला नको. तांब्यांची मनू, तट, तोफा. त्या दिवसांत शहरात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे, ज्यांनी पुढे ‘माझा प्रवास’ लिहून त्या कत्तलीची आणि लुटीची हकीकत आपल्यापर्यंत पोचवली. भटजी तटाच्या आत होते आणि ही पलटण बाहेरून वर चढत होती. मी बटण मुठीत धरलं आणि मला वाटलं, हे तिथे होतं. या पितळाने झाशीचा धूर पाहिला.

पण बटणावर आकडा होता, आणि आकडा सांगत होता की तसं नव्हतं. झाशी १८५८ ची. १०९ हा नंबर त्यानंतर तीन-चार वर्षांनी आला. शिपायांचे नंबर १८७१ मध्ये गेले. माझ्या हातातलं साधं पितळी बटण त्या नऊ-दहा वर्षांच्या फटीत बनलेलं आहे, आणि झाशी त्या फटीच्या बाहेर आहे. ज्याच्या छातीवर ते होतं तो झाशीला असेल किंवा नंतर भरती झालेला कुणी पोरगा असेल. बटण तेवढं सांगत नाही, आणि ते जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालायचा मला अधिकार नाही. त्या संध्याकाळपासून मी या छंदाला छंद म्हणत नाही. प्रत्येक वस्तूला दोन सीमा असतात, याच्या आधीची नाही आणि याच्या नंतरची नाही. त्या दोन सीमांमध्ये जेवढं मावतं तेवढंच खरं. अभिमानाने, रागाने किंवा भक्तीने त्या सीमा ओलांडल्या की आपण त्या अनाम माणसाला पुसतो आणि त्याच्या जागी स्वतःला उभं करतो.

१०३ च्या बाबतीत ही सीमा आणखी महत्त्वाची. हाच नंबर पूर्वी दुसऱ्याच एका पलटणीकडे होता. ती १८१४ मध्ये कॅनडात लंडीज लेनच्या लढाईत लढली आणि १८१७ मध्ये मोडली गेली. तिचा खडकीशी काही संबंध नाही. आकडा तोच, पण शिपायाचं बटण राखाडी प्यूटरचं असेल तर गोष्ट कॅनडाची, पितळेचं असेल तर मुंबईची. धातूकडे न बघता नुसता आकडा वाचला, तर आपण दोन महासागर चुकतो.

सीमा नीट वाचल्या, की न्यायही होतो. २००१ मध्ये लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर बांधकाम चालू असताना हजारो माणसांचे सांगाडे निघाले. आधी संशय विसाव्या शतकातल्या कत्तलींचा आला. मग सांगाड्यांबरोबर नेपोलियनची नाणी निघाली आणि पलटणींचे नंबर घातलेली बटणं निघाली. १८१२ च्या हिवाळ्यात मॉस्कोहून परतताना थंडीने, भुकेने आणि तापाने मेलेले ते शिपाई होते. ती माणसं कुठल्या पलटणींची, हे बटणांनी सांगितलं. पुढे अंताकाल्निसच्या दफनभूमीत त्यांना सन्मानाने पुरलं. नावं परत मिळाली नाहीत, पण निदान चुकीच्या शतकात पुरलं जाण्यापासून ते वाचले.

इंग्लंडच्या कायद्यात असं एकटं लष्करी बटण सहसा खजिना ठरत नाही. त्याची नोंद करायची की नाही, हे बरंचसं शोधणाऱ्याच्या सचोटीवर असतं. भारतात गोष्ट वेगळी आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो, आणि संरक्षित किल्ल्यावर खणणं हा गुन्हा आहे. तरीही यंत्रं घेऊन रात्री किल्ले उकरणारे लोक आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये एका चित्रपटानंतर पसरलेल्या सोन्याच्या अफवेने बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी मोबाइलच्या उजेडात शेतं खणली गेली. सोनं शोधायला गेलेल्या फावड्याने किती बटणं, किती गोळ्या, किती बक्कल जागेवरून हलवली असतील! वस्तू हलली की तिची साक्ष गेली, आणि ती पुन्हा घेता येत नाही.

म्हणून ज्यांच्या गावाजवळ किल्ला आहे, जुनी छावणी आहे, त्यांना माझी विनवणी आहे. खणू नका. नांगरताना, पाया खोदताना आपोआप काही वर आलं तर ते घासू नका, सोनाराकडे नेऊ नका, इंटरनेटवर विकू नका. कुठे, किती खोल, कोणत्या दिवशी आणि सोबत काय होतं एवढं कागदावर लिहा, जागेवरचा फोटो काढा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि घरातल्या ट्रंकेत पणजोबांचा लष्करी कोट असेल, तर त्याची बटणं कापून शोभेला लावू नका. ती ज्या कापडावर आहेत त्याच कापडावर राहू द्या.